मोबाईलमधल्या मेंढरांचा चारा

चौथी पास झाले आणि आबांनी मला आजोळाहून उचलून कळपामागं घेतलं. शाळेची वर्षं आजोळी कशी गेली ते मागच्या प्रकरणात आलंच आहे. त्यात सांगण्यासारखं फार नव्हतं, मेंढरांमागच्या वर्षांत होतं. आमचं गाव अजिंठ्याच्या घाटाखाली. दिवाळी झाली की आम्ही बिऱ्हाड घोड्यावर लादायचो आणि निघायचो. घोड्याच्या एका अंगाला भांडी, दुसऱ्या अंगाला पिशवीत नुकती जन्मलेली कोकरं, वर कोंबड्या, आणि कोंबड्यांच्या वर कधी कधी माझा धाकटा भाऊ. वाटेतले शेतकरी रानात कळप बसवायला बोलवायचे. मेंढरं रात्रभर बसली की रानाला लेंड्यांचं खत मिळतं, त्याच्या बदल्यात आम्हाला ज्वारी-बाजरी मिळायची. ज्याचं रान त्याची माणसं कळप बसेपर्यंत गोड बोलायची, आणि कळप पुढं निघाला की भुईमुगाच्या शेंगा कमी भरल्या म्हणून मागून शिव्या द्यायची. शेंगा आम्ही खाल्लेल्याच असायच्या.

मेंढ्या दिवसभर लांब चरायला जायच्या आणि कोकरं बिऱ्हाडापाशी जाळीत कोंडलेली असायची. दिवस मावळताना मेंढ्या परतायच्या. मग जो कालवा उठायचा तो ज्यानं ऐकला नाही त्याला सांगून कळणार नाही. सगळ्या आया एकदम ओरडायच्या, सगळी पोरं एकदम ओरडायची. कोकराला त्याच्या आईखाली लावायचं, एखादी मेंढी आपल्याच कोकराला लाथ मारते, तिला पाय धरून उभं करायचं, हे काम आम्हा पोरींचं. हळूहळू आवाज उतरायचा. शेवटी एखादंच कोकरू ओरडत राहायचं, तेही गप झालं की आई चुलीवरून कालवणाचं भगुनं उतरवायची. त्याआधी नाही. जित्राब ओरडत असताना माणसानं घास घ्यायचा नाही, ही आबांची रीत होती आणि त्यांच्या बापाचीही होती. एकदा एका शेतकऱ्याच्या बायकोनं मला तव्यावरचं धपाटं दिलं, वर लोण्याचा गोळा. मी जाळीच्या मागं उभी राहून खाल्लं. आबांनी पाहिलं. कोकरं गप झाली, सगळे जेवायला बसले आणि आबा तांब्याभर पाणी पिऊन झोपले. आई म्हणाली, ‘‘खा आता, तुझ्या बापाचं बी तूच खा.’’ मी खाल्लं, कारण भूक होती. पण तेव्हापासून मेंढरू ओरडलं की माझा घास घशात अडकतो. याला कुणी माया म्हणू नये. शिंक येते तसं आहे ते.

लग्न मेंढक्याच्याच घरात झालं, त्यामुळं सवय मोडायला कारण पडलं नाही. नवरा वारला तेव्हा कळप लहानच उरला होता. व्यापाऱ्यानं टेम्पो आणला, मेंढरं चढवली, मी पैसे घेतले. रडले नाही. लोक विचारतात म्हणून लिहिते. पैसे बँकेत टाकले आणि मुलाकडं, शहरात मुकुंदवाडीला, राहायला आले. हे पुस्तक माझ्या लहानपणाचं आहे, त्यात म्हातारपणाचं काय काम, असं माझी सून वैशाली म्हणाली. पण माझ्या लहानपणाची किंमत मी सत्तरीत भरली, म्हणून हे इथंच लिहायला पाहिजे.

मुलगा भागवत वाळूजला एका कारखान्यात. पाळीप्रमाणं जातो, पाळीप्रमाणं झोपतो, त्यामुळं घरात कायम कुणीतरी ‘हळू बोला’ म्हणत असतं. घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची शेड. स्टेशन जवळ आहे. गाडी शिट्टी देते तेव्हा बोलणारा माणूस थांबतो, गाडी गेली की त्याच शब्दापासून पुढं बोलतो. पाहुण्यांना हे विचित्र वाटतं. नळाला पाणी येतं ते आठवड्यातून कधीतरी, आणि येतं तेव्हा सगळी गल्ली बादल्या घेऊन धावते, त्या दिवशी भांडणंही सगळ्यांची एकदम होतात. शेडमध्ये वैशालीचं शिलाई मशीन. साड्यांना फॉल-पिको करते. बारावी शिकलेली आहे, हात चालू आणि बोलणं कमी. मला मामी म्हणते. तिच्या हातचं सगळं मला आवडतं असं नाही. कढीत साखर घालते. पण भाकरी पातळ करते आणि येसराची आमटी माझ्यापेक्षा चांगली करते, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. आता वाचेल.

या दोघांची एकच मुलगी, श्रावणी. ती चौथीत होती तेव्हाची ही गोष्ट. म्हणजे मी शाळा सोडली त्या वयाची. शाळेचा अभ्यास मोबाईलवर यायचा. आईच्या मोबाईलवर गिऱ्हाइकांचे फोन, बाप मोबाईल देत नाही, म्हणून तिनं माझा घेतला. माझा मोबाईल भागवतनं मला चांगला घेऊन दिला होता, कशाला ते मला माहीत नाही, मला फोन कुणाचे येत नाहीत. त्यातच त्यानं माझं बँकेचं खातं जोडलं. म्हणाला, आता रांगेत उभं राहायला नको. त्या दिवशी वैशाली माझ्यासोबत होती, तिनंच सगळं भरून दिलं. शेवटी एक गुप्त आकडा ठरवायचा होता. भागवत म्हणाला, ‘‘माय, हा आकडा कुणाला सांगायचा नाय. वैशालीला नाय, श्रावणीला नाय, मलाबी नाय.’’ मी वैशालीला तोंड फिरवायला लावलं आणि आकडा टाकला. आजवर कुणाला सांगितलेला नाही. भागवतनं त्यानंतर तो बदलायला लावला, पण जुनाही मी कुणाला सांगितलेला नाही.

संध्याकाळी घरात मी आणि श्रावणी दोघीच असायचो. भागवत दुसऱ्या पाळीला, वैशाली तयार साड्या पोचवायला. मी भाकरी-चटणी घेऊन बसायचे, पोरगी माझ्या मांडीला टेकून मोबाईल घेऊन बसायची. एके दिवशी मी पहिला घास मोडला आणि मोबाईलमधून मेंढरू ओरडलं.

‘‘काय गं हे?’’

‘‘खेळ आहे आज्जी. शेताचा. माझं शेत आहे, घर आहे, मेंढरं आहेत.’’

‘‘ओरडतंय का ते?’’

‘‘भूक लागली त्यांना. चारा संपला.’’

‘‘मग घाल की.’’

‘‘हिरे लागतात.’’

मी चष्मा लावून पाहिलं. मेंढरं फुगवलेल्या फुग्यासारखी होती, शेपट्या लांब, आणि मेंढी कोणती, मेंढा कोणता ते काही कळत नव्हतं. ज्यानं काढली त्यानं मेंढरू लांबूनच पाहिलं असावं. पण ओरडत होती ती बरोबर. तो आवाज खऱ्या मेंढराचाच धरून घातलेला होता. तिघं-चौघं ओरडत होती, एक बसलं होतं, त्याच्या डोक्यावर रिकामी पाटी दिसत होती. मी भाकरी ताटात ठेवली.

‘‘हिरे कुठून आणायचे?’’

‘‘तू नंबर दाबला की येतात.’’

‘‘कोणता नंबर?’’

‘‘मला काय माहीत? तुझा. कुणाला सांगायचा नाय तो.’’

पोरगी नीट वागली. आकडा विचारला नाही. मी मोबाईल पदराखाली घेतला, तिला तिकडं तोंड करायला लावलं आणि आकडा दाबला. हिरे आले, हिऱ्यांचा चारा आला, मेंढरं खाऊ लागली आणि गप झाली. मग मी जेवले. मला वाटलं, मोबाईलमध्ये काही उघडायचं झालं की तो आकडा मागतोच, तसं कुलूप असेल. मेंढरं खोटी, हिरे खोटे, मग पैसे तेवढे खरे कसे असतील, असा माझा हिशेब. तो अजूनही मला फार चुकीचा वाटत नाही.

ती मेंढरं रोज दिवे लागायच्या वेळी ओरडायची. ज्यानं खेळ केला त्याला ती वेळ बरोबर माहीत होती. उपाशी राहिली तर ती मरत नाहीत, नुसती ओरडतात, हे मला नंतर कळलं. आधी कुणी सांगितलं असतं तरी मी चारा घातलाच असता, पण सांगायला पाहिजे होतं. मग पाऊस आला, खेळातसुद्धा, आणि मेंढरं भिजायला लागली. शेड घेतली. लांडगा आला नव्हता, पण येणार असं वाटलं म्हणून कुत्रा घेतला. श्रावणीला घराला रंगीत पडदे पाहिजे होते, मी म्हटलं, आधी मेंढा आणू. मेंढा आणल्यावर कोकरं झाली, कोकरं झाल्यावर कुरण पुरेना. ‘‘आज्जी, आपली मेंढरं सगळ्यात जास्त आहेत,’’ श्रावणी म्हणायची, ‘‘माझ्या वर्गातल्या कुणाचीच एवढी नाहीत.’’ मी म्हणायचे, त्यांच्या घरात मेंढरं राखायला कुणाला येतं? मोबाईलवर मेसेज वाजायचे. ते इंग्रजीत. मला मराठी वाचायला वेळ लागतो, इंग्रजीच्या वाटेला मी जात नाही.

त्याच दिवसांत पलीकडच्या घरातल्या पोरानं बंदुकीच्या खेळात बापाचे बरेच पैसे घालवले. बंदूकवाल्या माणसाला म्हणे चमकते कपडे घेतले. त्याची आई गल्लीत त्याला झोडपत होती आणि आम्ही सगळ्या दारात उभ्या होतो. मी मोठ्यानं म्हणाले, ‘‘अगं, नसलेल्या माणसाला कपडे घ्यायला पैसे देता, पोरांवर ध्यान नाय का तुमचं?’’ श्रावणी माझा पदर धरून शेजारीच उभी होती. आमचंही तेच चाललंय हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं होतं की नाही, हे मी तिला विचारलेलं नाही. आता ती सातवीत आहे, विचारलं तर वकिलासारखं उत्तर देईल.

पुढं भागवतच्या कारखान्यात काम कमी झालं. पाळ्या तुटल्या. त्यानं ठरवलं की पिठाची गिरणी टाकायची. आमच्या गल्लीत गिरणी नाही, दळण घेऊन बायका लांब जातात. जागा शेडमध्येच होती. पैसे मागायला तो माझ्याकडं आला तेव्हा दोन दिवस आधीपासून माझे पाय चेपत होता. मी म्हटलं, ‘‘पाय सोड, पैसे घे. मेंढरांचे पैसे हायेत, कामाला येऊ दे.’’ तो रविवार सोडून सोमवारी बँकेत गेला आणि दुपारी परत आला तो उन्हात वाळत घातल्यासारखा. खात्यात काही राहिलेलं नव्हतं म्हटलं तरी चालेल. किती गेले तो आकडा मी इथं लिहीत नाही. वैशाली वाचेल आणि परत बेरीज करत बसेल.

‘‘माय, तू कुणाला नंबर सांगितला?’’

‘‘नाय.’’

‘‘आठव नीट.’’

‘‘आठवायचं काय त्यात? तुलाबी सांगितला नाय.’’

‘‘मग पैसे गेले कुठं?’’

‘‘बँकेतल्या माणसाला इचार. त्याच्याकडं ठेवले व्हते.’’

‘‘तो म्हणतो, फोनवरून गेलेत. एकदम नाय. थोडे थोडे. लई दिवसांपासून.’’

‘‘असं कोणता चोर नेतो?’’ मी म्हणाले. ‘‘चोर आला तर समदं एकदाच नेईल. थोडं थोडं नेणारं माणूस घरातलं असतं.’’

मी हे सहज बोलले. खरं होतं म्हणून बोलले. पण भागवतची नजर शेडमध्ये गेली. तिथं वैशाली एका पिवळ्या साडीला फॉल लावत होती. तिच्या भावानं, एकनाथनं, फुलंब्रीकडं त्यांच्या रानात बोअर घ्यायला काढला होता, आणि महिन्यापूर्वी तिनं भागवतकडं त्यासाठी पैसे मागितले होते. भागवतनं दिले नव्हते. खातं जोडलं त्या दिवशीही माझ्यासोबत तीच होती.

‘‘लागलं का पाणी, एकनाथच्या बोअरला?’’ भागवत म्हणाला.

मशीन थांबलं. वैशालीनं वर पाहिलं. ‘‘काय म्हणायचंय ते नीट म्हणा.’’

‘‘मी काय म्हणलो? बोअरचं इचारलं.’’

‘‘व्हय. बोअरचंच इचारलं.’’

तिनं साडीची घडी केली, दोरा तोडला, सुई होती तिथं टोचून ठेवली आणि भावाला फोन लावला. ‘‘मला न्यायला ये. गाडी घेऊन ये. आज म्हणजे आजच.’’ मग आत जाऊन बॅग भरायला लागली. आधी श्रावणीचे कपडे, मग स्वतःचे. भागवत दारात उभा राहून म्हणत होता, ‘‘मी काय बोललो? सांग ना, मी काय बोललो?’’ श्रावणी कोपऱ्यात बसून आळीपाळीनं दोघांकडं पाहत होती. मला वाटलं, दिले असतील तिनं. तिच्या जागी मी असते तर भावाला दिले असते आणि विचारलंही नसतं. आकडा तिला कसा कळला एवढंच मला कळत नव्हतं.

एकनाथ आला तेव्हा दिवस कलला होता. भला माणूस, मोठ्यानं बोलणारा. आल्यावर चप्पल काढून बसला, वैशालीनं त्याला चहा दिला, भागवतलाही दिला, कारण चहा न देता भांडायची आमच्यात पद्धत नाही. कुणी प्यायलं नाही. एकनाथ म्हणाला, ‘‘दाजी, बहिणीनं मला एक रुपाया दिला असंल तर या मांडीवर हात ठेवून सांगतो...’’ भागवत म्हणाला, ‘‘मी कुठं तुझं नाव घेतलं?’’ ‘‘बोअरचं घेतलं की. बोअर माझाच हाय ना?’’ वैशालीनं बॅगेची चेन ओढली. ती अडकली. ती जोर लावून ओढत राहिली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, चेनमुळं की कशामुळं ते सांगता येणार नाही. माझ्या लक्षात आलं की ही गेली तर परत यायची नाही. असल्या गोष्टीवरून गेलेली बाई परत आली तरी खाली मान घालून येते, आणि वैशालीची मान तशी जाणारी नाही.

तेवढ्यात उशीखाली मेंढरं ओरडायला लागली.

एक ओरडलं, मग तिघं-चौघं, मग सगळा कळपच. आता कळप मोठा होता. श्रावणीनं माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली, नको नको अशी. पण मला आता ते सहन होईना, आणि त्या घरात तेवढी एकच गोष्ट मला मिटवता येण्यासारखी होती.

‘‘थांबा जरा,’’ मी म्हणाले. ‘‘आधी ह्यांचं बघू द्या.’’

‘‘मामी, काय हे?’’ वैशाली म्हणाली.

‘‘चारा. बस, लगेच होतं.’’

मी मोबाईल काढला, पदर ओढला, आकडा दाबला. मेंढरं खायला लागली. लगेच मेसेज वाजला, नेहमी वाजतो तसा. एकनाथ माझ्या शेजारीच बसला होता. तो वाकून वाचायला लागला, आणि वाचताना त्याचे ओठ हलायचे थांबले.

‘‘मावशी, तुमच्या खात्यातनं आत्ता पैसे गेले.’’

‘‘कुणी नेले?’’

‘‘तुम्हीच.’’

‘‘मी तर चारा घातला.’’

गाडी आली, शिट्टी दिली, गेली. नंतरही कुणी बोललं नाही. मग वैशालीनं माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि मागचे मेसेज बोटानं वर ढकलत पाहायला लागली. किती वेळ ढकलत होती. मग तिनं खेळ उघडून पाहिला. ‘‘अगं आई,’’ ती म्हणाली, ‘‘केवढी मेंढरं ही.’’

‘‘वाढवली,’’ मी म्हणाले. खरं तेच होतं.

एकनाथनं मान लांब करून पाहिलं. ‘‘दाजी,’’ तो म्हणाला, ‘‘माझ्या बोअरला नुसता फुफाटा लागला. तुमच्या मेंढरांना तर पक्का हौद बांधलेला दिसतोय.’’

भागवत उठला आणि श्रावणीसमोर उभा राहिला. ‘‘तुला माहीत व्हतं का, हिरे पैशानं येतात ते?’’

‘‘व्हय,’’ पोरगी म्हणाली. ‘‘पण आज्जी देत व्हती. मला वाटलं, आज्जीला पाहिजेत मेंढरं.’’

त्यानं हात उचलला. मी म्हणाले, ‘‘हात खाली घे. मारायचं तर मला मार, आकडा मी दाबलाय.’’ त्यानं हात खाली घेतला. आईला मारायची आमच्यात पद्धत नाही, आणि पोरीला मारायचं कारण त्याला आता सापडेना. मग तो एकदम हसल्यासारखं करून वैशालीला म्हणाला, ‘‘घे, मिटलं. सोड ती बॅग.’’

‘‘तुमचं मिटलं,’’ वैशाली म्हणाली. चेन आता लागली होती. तिनं बॅग उचलली, श्रावणीचा हात धरला आणि एकनाथच्या गाडीवर जाऊन बसली. जाताना मला म्हणाली, ‘‘मामी, कणीक मळून ठेवलीये.’’

ती गेल्यावर भागवतनं खेळ मोबाईलमधून काढून टाकला. खेळाच्या कंपनीच्या नंबरवर फोन करून पैसे परत मागितले. तिकडच्या मुलीनं विचारलं, आकडा कुणी दाबला? हा म्हणाला, आईनं. ती म्हणाली, मग बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरात काहीच ओरडलं नाही. मला जेवण चांगलं गेलं. पण भाकरी भागवतनं केली होती, तिला पुढून मागून सारखीच चव होती. गिऱ्हाईक बाया साड्या मागायला यायच्या, त्यांना मी सांगायचे, सून माहेरी गेलीये. कधी येणार? माहीत नाही. मग त्या आत डोकावून बघायच्या आणि बाहेर जाऊन जे बोलायचं ते बोलायच्या. आठवडा गेला. भागवतनं तिला फोन केले, तिनं उचलले नाहीत. श्रावणी उचलायची, ‘‘आई कामात आहे’’ म्हणायची आणि शाळा बुडतेय म्हणून सांगायची.

शेवटी मी म्हणाले, चल. रुसून गेलेल्या सुनेला सासूनं जाऊन आणायचं असतं. खण-नारळ घेतला आणि आम्ही एस्टीनं तिच्या गावी गेलो. तिचे वडील ओसरीवर बसले होते, त्यांनी बसा म्हटलं. तिच्या आईनं पिठलं-भाकरी वाढली. एकनाथ होता. वैशाली खांबाला टेकून उभी राहिली. हाक मारेपर्यंत पुढं आली नाही. मला लांबड लावता येत नाही. मी म्हणाले, ‘‘चारा मी घातला. पैसे मी घालवले. ते माझं, मी बोलले. आळ ह्यानं घेतला. ते ह्याचं, हा बोलंल.’’

भागवतनं ताटातलं पिठलं भाकरीनं गोळा केलं. मग म्हणाला, ‘‘चुकलं.’’

‘‘तुम्ही मामींना इचारलं,’’ वैशाली म्हणाली. ‘‘बँकेतल्या माणसाला इचारलं. तेवढं मलाच नाय इचारलं. मला बोअरचं इचारलं.’’

‘‘इचारलं असतं तर तू नाय म्हणली असतीस.’’

‘‘मग?’’

‘‘मग मला खरं वाटलं नसतं.’’

तिचे वडील खोकले. एकनाथ म्हणाला, ‘‘दाजी, एवढं सांगायला तिकीट काढून आलात व्हय?’’ मी कपाळाला हात लावला. पण भागवत खोटं बोलला नाही, हेही खरं. त्याला गोड बोलून वेळ मारून नेता आली असती, ते त्याला येत नाही, त्याच्या बापालाही येत नव्हतं. वैशालीनं खांब सोडला. मग वळून आत गेली. मला वाटलं, संपलं. वाटलं, हिनं नाही आलं तरी बरोबरच आहे. पण हे मी बोलून दाखवलं नाही, कारण घरी भाकऱ्या भागवत करत होता.

ती बॅग घेऊन बाहेर आली. मी ओटी भरली. ती माझ्या पाया पडली, आईवडिलांच्या पडली आणि भागवतला म्हणाली, ‘‘येते मी. पण मामींसोबत येते. तुमच्यासोबत नाय.’’ हे दोन्ही एकाच एस्टीनं कसं होणार ते त्याला कळेना. त्यानं बॅग घ्यायला हात पुढं केला, तिनं दिली नाही.

गाडीला गर्दी नव्हती. वैशाली खिडकीशी बसली, मी तिच्या शेजारी, श्रावणी मध्ये घुसून. मागं सगळी बाकं रिकामी होती, पण भागवत दाराजवळच्या दांड्याला धरून उभा राहिला, कुणी बस म्हटलं तर बसायचं असं ठरवून. कुणी म्हटलं नाही. कंडक्टर आला. भागवतनं खिशातून नोट काढून पुढं केली आणि म्हणाला, ‘‘चार द्या.’’

‘‘बायांना अर्धं हाय,’’ कंडक्टर म्हणाला. ‘‘बाया किती?’’

वैशालीनं कंडक्टरला हात केला, मागं न बघता स्वतःची पर्स उघडली आणि म्हणाली, ‘‘इकडं तीन अर्धी द्या. त्यांचं पूर्ण तिकीट ते काढतील.’’